चाळीस ग्रॅम

बोहरी आळीत, पत्र्याच्या डब्यांच्या दुकानाला लागून
आमचं साडेसहा फुटांचं दुकान.
पाटीवर अजून वडिलांचंच नाव:
द. वि. कर्डे, काटे दुरुस्ती, सरकारमान्य.
त्यातला 'मा' उन्हाने खाल्लाय,
मीही तो परत रंगवला नाही.

शुक्रवारी दुपारी मार्केट यार्डातून तो आला,
टेम्पोत बारा काटे, वर गोणपाट.
बसायला जागा नव्हती, उभ्याउभ्याच म्हणाला,
"ताई, किलोमागं चाळीस. जास्त नाही.
कांद्याची सालंच तेवढी निघतात."
आणि पाकीट ठेवलं
नेमकं मी उघडून बसलेल्या काट्याच्या तबकात.
आकडे हलले, थांबले.
दोनशे तीन ग्रॅम.

एवढंच?
धायरीच्या फ्लॅटचे पाच हप्ते,
नाहीतर शर्वरीच्या दातांची तार आणि वर सोफा,
आणि वजन दोन पेरूंएवढं.

मी ते लगेच परत दिलं असं सांगितलं
तर तुम्हाला बरं वाटेल.
ते रात्रभर ड्रॉवरमध्ये होतं,
शिशाच्या गोळ्या, सोल्डरची तार आणि माझ्या चष्म्याच्या घराशेजारी.

रात्री मी वडिलांची ट्रंक काढली.
आधार शोधत होते, खोटं कशाला बोलू.
चार शाली. व्यापारी संघाचे चार सत्कार.
पैकी एक कसरीने चाळणी केलेली.
फोटोत वडील, हातात नारळ, मान जराशी खाली,
लोक म्हणायचे, बघा किती नम्र.

शालींखाली वह्या.
गिऱ्हाइकाचं नाव, काट्याचा नंबर, तारीख,
आणि काही नावांपुढे पेन्सिलीचा ठिपका.
बारीक. खोडता येईल असा.
मी ठिपके मोजत गेले, वर्षवार.
ज्या वर्षी ठिपके जास्त
त्याच्या पुढच्या वर्षी शाल.

म्हणजे ज्या दोन पारड्यांत मी मला तोलत बसले होते,
इकडे पैसा, तिकडे मान,
ती एकाच दांडीची तरी होती का?
आमच्याकडे मोठ्या माणसाला वजनदार म्हणतात
आणि फसवण्याला काटा मारणं.
आमचा धंदा दोन्हींच्या मधोमध,
स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर.

पहाटे उठून पिठलं केलं, डबे भरले.
वडिलांचा राग येईल असं वाटलं होतं,
तो आला नाही.
आठवली फक्त माझी कॉलेजची फी,
जी त्या काळी कशी भरली
हे मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी बाराही काटे सरळ करून दिले,
प्रत्येकी साडेतीनशे, पावतीसकट.
पाकीट त्याच्या हातात दिलं.
मोजून घ्या, म्हटलं.
त्याने मोजलं. दोनदा.
मग आळीभर सांगत गेला, बाई आखडू आहे,
बापाची सर नाही.
पंधरा दिवसांत भवानी पेठेत कुणीतरी
त्याचं काम करून दिलं.
जगाचं काही अडलं नाही.
माझे कांदेही बहुधा त्याच काट्यावरून येतात.

शाल मला कुणी देणार नाही.
देऊही नये, उकडतं.
मला एवढंच बघायचं असतं
की शटर ओढण्याआधी सगळी तबकं रिकामी करावीत
आणि प्रत्येकाने शून्य दाखवावं.
कधी एखादा दाखवतो दोन ग्रॅम, विनाकारण.
मग मी धूळ पुसते, पुन्हा बघते,
तोवर सहा चाळीसची बस गेलेली असते.

कोपऱ्यात वडिलांचा पितळी तराजू आहे,
डावीकडे किंचित झुकलेला.
शर्वरी विचारते, हा का नाही गं दुरुस्त करत?
मी म्हणते,
ज्याचा आहे तो न्यायला आला नाही अजून.